ब्रँड विकत मिळतो, हात मिळत नाहीत: मार्लिन रायफलची गोष्ट

राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे. आमच्या या पट्ट्यातल्या गोदामांतून मोबाईल, टीव्ही, मिक्सर, शूज असं सगळं मुंबई-ठाण्याला आणि पुढे जात असतं. त्यातल्या काही खोक्यांवरची नावं बघून घरातली मोठी माणसं लगेच म्हणतात, "अरे, ही कंपनी चांगली आहे. आमच्या वेळी हिचंच नाव होतं." नोकिया, कोडॅक, थॉमसन. नाव ओळखीचं असतं. पण खोक्यातली वस्तू त्याच लोकांनी बनवलेली आहे का?

हे समजून घ्यायला आज एका बंदुकीची गोष्ट सांगतो. दचकू नका. आपल्याकडे बंदुकीला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो आणि मी काही ती घ्यायचा सल्ला देत नाहीये. पण चांगला ब्रँड मालक बदलल्यावर आतून कसा पोकळ होतो, हे या गोष्टीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोबाईलमध्ये दिसत नाही. कारण इथे फरक लोखंडावर ठोकलेल्या अक्षरांतून ओळखता येतो.

मार्लिन म्हणजे कोण?

जॉन मार्लिन नावाच्या माणसाने १८७० मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन शहरात हा कारखाना सुरू केला. त्यांची खासियत म्हणजे लिव्हर-अॅक्शन रायफल. जुन्या काऊबॉय सिनेमात बघितली असेल: ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलायची आणि परत वर ओढायची. रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन आत येतं. बॅटरी नाही, मोटर नाही, फक्त एकमेकांत बसणारे धातूचे भाग.

मार्लिनच्या रायफलमध्ये रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडायचं, वरचा भाग बंद असायचा. त्यामुळे पुढे दुर्बीण बसवायची पद्धत आली तेव्हा ती वरती सरळ बसवता आली. त्यांचं ३३६ हे मॉडेल १९४८ मध्ये आलं आणि शिकारी लोकांच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहिलं.

१९२४ मध्ये ही कंपनी लिलावात निघाली होती. फ्रँक केना नावाच्या वकिलाने ती १०० डॉलरला घेतली, वर १ लाख डॉलरचं गहाण कर्ज आपल्या डोक्यावर घेतलं. पुढची ८० हून जास्त वर्षं ती त्याच कुटुंबाकडे होती. १९६९ मध्ये कारखाना जवळच्याच नॉर्थ हेवनला गेला. म्हणजे सुमारे १४० वर्षं ही रायफल एकाच भागात बनली. बापाने लेकाला आणि जुन्या कामगाराने नव्याला शिकवत काम पुढे गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कंपनी घेतली कोणी?

सर्बेरस कॅपिटल मॅनेजमेंट ही न्यूयॉर्कची प्रायव्हेट इक्विटी कंपनी. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे काय? पेन्शन फंड आणि श्रीमंत गुंतवणूकदार यांचे पैसे गोळा करायचे, त्यातून अख्ख्या कंपन्या विकत घ्यायच्या, काही वर्षांत त्यांची किंमत वाढवायची आणि विकून नफा काढायचा. हे बेकायदेशीर नाही, आणि दरवेळी वाईटच होतं असंही नाही.

सर्बेरसने २००६ मध्ये बुशमास्टर ही बंदूक कंपनी घेतली. २००७ मध्ये रेमिंग्टन घेतली, जी १८१६ पासून चालू होती. रेमिंग्टनसाठी ११ कोटी ८० लाख डॉलर मोजले, शिवाय तिच्यावरचं सुमारे २५ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज अंगावर घेतलं. आणि २००८ च्या सुरुवातीला रेमिंग्टनने मार्लिन विकत घेतली. या सगळ्यांची मिळून जी मोठी कंपनी झाली, तिचं नाव फ्रीडम ग्रुप.

या धंद्यात एक पद्धत फार चालते, तिला लेव्हरेज्ड बायआउट म्हणतात. आपल्या भाषेत सांगतो. समजा भिवंडीत एक यंत्रमागाचा कारखाना १ कोटीला विकायला आहे. तुमच्याकडे ३० लाख आहेत. उरलेले ७० लाख कर्ज काढता, पण ते कर्ज तुमच्या नावावर न टाकता त्या कारखान्याच्याच नावावर टाकता. आता हप्ता कोण भरणार? कारखानाच. कापडाला भाव असेल तोपर्यंत ठीक. मंदी आली की पहिला पैसा बँकेचा हप्ता खातो, आणि मागाच्या दुरुस्तीला, चांगल्या सुताला, जुन्या कारागिराच्या पगाराला हात आखडता घ्यावा लागतो.

कर्जाने दबलेली कंपनी खर्च कुठे कमी करता येईल हे शोधत राहते. आणि कागदावर सगळ्यात सोपं उत्तर असतं: दोन कारखाने कशाला? एकातच सगळं बनवू.

२०१०: मशीन निघाल्या, माणसं राहिली

मार्च २०१० मध्ये मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करायचा निर्णय जाहीर झाला. २६५ लोकांचं काम गेलं. २०११ पर्यंत दरवाजे बंद झाले. रायफलचं काम रेमिंग्टनच्या न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या जुन्या कारखान्यात हलवलं.

कागदावर यात काहीच चूक नव्हती. डिझाईन तेच, मशीन त्याच, नाव तेच. पण नवीन रायफली बाजारात आल्या आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. पुढची नेमबिंदू पट्टी तिरकी. लाकूड आणि धातू यांच्यात फट. कडी ओढली तर काडतूस अडकतंय. लोकांनी रेमिंग्टन आणि मार्लिन जोडून या मालाला टोपणनाव पाडलं: रेमलिन. कौतुकाने नव्हे.

असं का झालं? त्या क्षेत्रात लिहिणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं कारण असं: मशीन फार जुन्या आणि झिजलेल्या होत्या. ड्रॉइंग प्रत्यक्ष मालाशी पूर्ण जुळत नव्हती. मधली दरी कामगारांच्या हातांनी भरून काढली होती, आणि ते हात नॉर्थ हेवनलाच राहिले.

हे नीट समजायला टॉलरन्स हा शब्द घ्या. कुठलाही भाग अगदी मापात बनत नाही, म्हणून ड्रॉइंगवर थोडी सूट दिलेली असते. समजा भोक १० मिलिमीटरचं हवं, तर ०.०५ इकडे-तिकडे चालेल. एका भागात एवढा फरक काहीच नाही. पण पाच भाग एकात एक बसणारे असतील आणि पाचही एकाच बाजूला ०.०५ ने सरकले, तर शेवटी पाव मिलिमीटरचा फरक पडतो. कडी अडकायला तेवढं पुरतं.

आता समजा एक जुनी मशीन कायम ०.२ मिलिमीटर डावीकडे कापते. तिथे वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत आहे. तो काम लावतानाच ०.२ उजवीकडे सरकवून लावतो. माल बरोबर निघतो. पण ही ०.२ ची गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. ती त्याच्या हातात आहे. मशीन ट्रकवर चढते, ड्रॉइंगची फाईल जाते, तो माणूस मात्र घरी जातो. नवीन गावातला माणूस ड्रॉइंगप्रमाणे अगदी प्रामाणिकपणे काम करतो, आणि माल चुकतो.

भिवंडीकरांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग आपल्याकडे वर्षानुवर्षं चालले, कारण इथे त्यांना ओळखणारे जॉबर होते. धोट्याच्या नुसत्या आवाजावरून कुठे काय ढिलं झालंय ते सांगणारी ही माणसं. तसा माग विकत घेता येतो. तो कान विकत घेता येत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच आहे. कोणी कंपनी सोडणार असेल तर नोटीस पिरियडमध्ये केटी होते, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एक्सेल शीट भरतात, चार कॉल होतात, रेकॉर्डिंग ठेवतात. तरी तो माणूस गेल्यावर कळतं की महिनाअखेरीला एक प्रोग्रॅम हाताने पुन्हा चालू करावा लागतो आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. कारण जे रोज सवयीने केलं जातं, ते ज्ञान आहे असं करणाऱ्यालाही वाटत नाही. केटीच्या शीटमध्ये "तुला काय माहीत आहे?" असं विचारतात. त्याचं खरं उत्तर देणं जवळजवळ अशक्य असतं.

दोन अक्षरं

आता लोखंडावरच्या अक्षरांची गोष्ट. जुन्या कारखान्यात बनलेल्या मार्लिनच्या नळीवर एक छोटा शिक्का असायचा: जेएम. म्हणजे जॉन मार्लिन. रेमिंग्टनकडे काम गेल्यावर तिथे आरईपी हा वेगळा शिक्का आला.

झालं काय, ग्राहक आधी नळीवरचा शिक्का बघायला लागले. वापरलेल्या मार्लिनच्या जाहिरातीत "जेएम शिक्का" हे वेगळं लिहिलं जाऊ लागलं आणि अशा जुन्या रायफलीला जास्त भाव मिळू लागला. थोडं थांबून विचार करा. मॉडेल तेच, ब्रँड तोच, आणि जुनी वस्तू नव्यापेक्षा महाग. ब्रँडची किंमत नावात नव्हती, ती कुठल्या हातांनी बनवलं यात होती, हे बाजारानेच सांगितलं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. रेमिंग्टनने नंतर नवीन मशीन आणल्या, ड्रॉइंग सुधारली, आणि शेवटच्या काही वर्षांतला माल आधीपेक्षा बरा होता असं अनेकांनी लिहिलं. पण तोपर्यंत नाव खराब झालं होतं.

मोठ्या भावाचं काय झालं?

रेमिंग्टनची स्वतःची अवस्थाही धड नव्हती. २०१४ मध्ये त्यांनी आर५१ नावाचं पिस्तूल आणलं. त्यात इतक्या अडचणी निघाल्या की त्याच वर्षी विक्री थांबवून ते परत घ्यावं लागलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध ७०० या रायफलीचा एक ट्रिगर सदोष असल्यामुळे २००६ पासून विकलेल्या बंदुका दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. इथे विषय फटी आणि तिरकेपणाचा राहत नाही. बंदूक चुकून सुटली तर जीव जातो.

सगळं खापर मालाच्या दर्जावर फोडणं मात्र बरोबर नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यात वापरलेली रायफल याच समूहातल्या बुशमास्टरची होती. त्यानंतर सर्बेरसने समूह विकायला काढला. पुढे बंदुकांची मागणी घसरली आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

मार्च २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे ७७ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज झटकून ती मे महिन्यात बाहेर आली, आणि जुलै २०२० मध्ये परत दिवाळखोरीत गेली. या वेळी तुकडे करून विकली. बघा काय झालं: रेमिंग्टन हे नाव आणि काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला. रेमिंग्टनच्या बंदुकांचा धंदा राउंडहिल या दुसऱ्याच गटाने १ कोटी ३० लाखांना घेतला. म्हणजे दोनशे वर्षांचं एक नाव दोन घरांत वाटलं गेलं. इलियनचा तो जुना कारखाना मार्च २०२४ मध्ये कायमचा बंद झाला.

रुगरने वेगळं काय केलं?

मार्लिनला मात्र चांगलं स्थळ मिळालं. रुगर या बंदूक कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये ती सुमारे २ कोटी ८३ लाख डॉलरला घेतली. रुगर ही काही घरगुती कंपनी नाही. ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली मोठी कॉर्पोरेट कंपनी आहे. म्हणून "कॉर्पोरेट आलं की वाट लागते" हा सरळसोट निष्कर्ष चुकीचा आहे.

फरक कामाच्या पद्धतीत होता. रुगरने मार्लिन घेतल्यावर एक वर्षाहून जास्त काळ एकही नवी रायफल बाजारात आणली नाही. काम नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या मेयोडनच्या कारखान्यात नेलं आणि जुनी रायफल आपल्या आधुनिक पद्धतीने कशी बनेल याची नव्याने आखणी केली. पहिलं मॉडेल, १८९५ एसबीएल, डिसेंबर २०२१ मध्ये आलं. एकाच वेळी सगळी मॉडेल काढायचा हव्यास केला नाही. नव्या रायफलींच्या क्रमांकाची सुरुवात आरएम या अक्षरांनी होते, म्हणजे कोणी बनवली ते लपवलेलं नाही. ग्राहकांनी या मालाचं मनापासून स्वागत केलं.

हातातलं जुनं ज्ञान गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. रुगरने ते आहे असं गृहीत न धरता शून्यापासून नवीन ज्ञान उभं केलं आणि त्यासाठी वेळ दिला. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही रीराईट म्हणू. महाग पडतो, पण न समजलेला जुना कोड उचलून नव्या सर्व्हरवर टाकण्यापेक्षा कधी कधी स्वस्तच पडतो.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे

नोकियाचा मोबाईल धंदा मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये घेतला. सौदा ५४४ कोटी युरोचा. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले. चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा नोकिया कारखाना या सौद्यात गेलाच नाही आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. २०१६ च्या शेवटी फिनलंडची एचएमडी ग्लोबल ही नवी कंपनी नोकियाच्या नावाचा परवाना घेऊन फोन विकायला लागली. त्यात नोकियाची काही जुनी माणसं होती, पण फोन बनवायचं काम बाहेरच्या कारखान्यांकडे होतं. म्हणजे खोक्यावर नोकिया, पण जबाबदारी एचएमडीची.

कोडॅक तर फोटोच्या रोलची कंपनी, २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेलेली. आपल्याकडचे कोडॅक आणि थॉमसन टीव्ही नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी परवान्यावर बनवते. यात फसवणूक नाही आणि टीव्ही वाईटच असतो असंही नाही. एवढंच, की त्या टीव्हीची परीक्षा सुपर प्लास्ट्रॉनिक्सच्या कामावर करायची. आजोबांच्या कोडॅक कॅमेऱ्याची पुण्याई तिथे मोजायची नाही.

घेण्याआधी बघायच्या पाच गोष्टी

१. खोक्याची मागची बाजू वाचा. पॅकबंद वस्तूवर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव आणि पत्ता छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला ब्रँड असतो, मागच्या बाजूला खरी कंपनी. हाच आपला जेएम शिक्का.

२. त्या मागच्या नावाने शोधा. "नोकिया कसा आहे?" असं न विचारता, बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपनीच्या नावाने तक्रारी आणि परीक्षणं बघा.

३. मालकी किंवा कारखाना कधी बदलला ते बघा, आणि त्या तारखेनंतरचीच परीक्षणं धरा. २००९ मध्ये लिहिलेलं मार्लिनचं कौतुक २०१२ च्या ग्राहकाच्या काहीच कामाचं नव्हतं.

४. बदलानंतरच्या पहिल्या मालाला घाई करू नका. नवीन हातांना बसायला वेळ लागतो. सहा महिने थांबलात तर इतर लोकांच्या अनुभवावरून बरंच कळतं.

५. फोनसाठी खास: सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख असते. दुकानातल्या डेमो फोनवर किंवा मित्राच्या त्याच कंपनीच्या जुन्या फोनवर ती बघा. अपडेट देणारी माणसं कंपनीत उरली आहेत का, हे ती तारीख जाहिरातीपेक्षा खरं सांगते. सोबत जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा. भिवंडीतून फोन दुरुस्तीला ठाण्याला न्यावा लागणार असेल तर ते आधी कळलेलं बरं.

आणि जे माझ्यासारखे कंपन्यांमध्ये काम करतात किंवा पुढे करणार आहेत, त्यांच्यासाठी एक. नॉर्थ हेवनच्या त्या २६५ लोकांना कारखाना हलवण्याआधी वर्षभर मशीनपाशी ठेवून नव्या लोकांना शेजारी उभं केलं असतं, तर खर्च झाला असता. पण एका नावाची दहा वर्षं वाया गेली, त्यापुढे तो खर्च किती मोठा होता? तुमच्या टीममधलं जे जुनं माणूस "हे असंच चालतं" म्हणून हाताने काहीतरी करतं, त्याच्या शेजारी एक दिवस बसा आणि बघून लिहून ठेवा. ते माणूस अजून तिथे आहे तोपर्यंतच हे जमतं.